उजेडाला पाठ

१

टॉर्च घ्यायला आलेल्या माणसाला तायाके आधी चहा देतात आणि मग विचारतात, "काय ओळखायचंय तुला?" किती लांबचं, हा प्रश्न नंतर. लोक बावचळतात. लांबचं बघायला टॉर्च हवी, एवढंच ठरवून ते डोंगर उतरलेले असतात.

तायाके म्हणजे माझे मामा, तुरदाकुन. नारीन नदीच्या वरच्या अंगाला, काठावरच्या आमच्या गावात त्यांचं एका खोलीचं दुकान आहे. मेंढपाळांसाठी लांब पल्ल्याच्या टॉर्च ते स्वतःच्या हातानं जुळवतात. मी राजधानीत, बिश्केकला, पदार्थविज्ञान शिकले, नोकरी लागली नाही, परत आले. आता तीन वर्षं त्यांच्या हाताखाली आहे. कुठल्या टॉर्चमध्ये कुठली एलईडी बसवायची आणि तिच्या उजेडाची छटा कुठली, हे सुचवायचं काम माझं. मी घाबरट आहे हे गावाला माहीत आहे. किटलीचं झाकण वाजलं तरी दचकते. अशी मुलगी अंधाराच्या धंद्यात कशी पडली, यावर गावात बरेच विनोद आहेत, आणि ते सगळे तायाकेंनीच केलेले आहेत.

एलईडी निवडायला आम्ही भर दिवसा बोगद्यात जातो. गावामागच्या टेकडीत कधीकाळी धातू शोधायला खणलेला आणि काहीच न सापडल्यामुळे सोडून दिलेला बोगदा. अडीचशे मीटर, सरळ, कोरडा. तोंडाशी लाकडी दार, दाराच्या आत गावाचे बटाटे, आणि पार त्या टोकाला आमचा पाहुणा.

पाहुणा म्हणजे एक खांब. त्याला तायाकेंचा जुना तोन चढवलेला, मेंढीच्या कातड्याचा पायघोळ कोट. डोक्याच्या जागी रस्त्याकडेच्या खुंटांवर असतात तसे दोन चमकणारे गोल. ते डोळे. छातीवर गिऱ्हाइकानं आणलेला नमद्याचा, म्हणजे थापलेल्या लोकरीचा, तुकडा टाचायचा, त्याच्या मेंढ्यांवर ज्या रंगाची खूण असेल त्या रंगाचा. मग गिऱ्हाइकानं बोगद्याच्या तोंडाशी उभं राहून वेगवेगळ्या उजेडात पाहुणा बघायचा. पुढच्या अंतराचं गणित मी कागदावर काढून देते.

आमच्याकडची एक रीत इथेच सांगून टाकते, कारण सगळं तिच्यावरच येऊन थांबतं. झोत अंगावर पडला की जनावर उजेडाकडे बघतं. माणूस उजेडाला पाठ करतो आणि एक हात वर उचलतो. म्हणजे, मी माणूस आहे, माझे डोळे दिपवू नकोस. टॉर्चवाल्यानं मग झोत लगेच जमिनीवर उतरवायचा. पाठमोऱ्या माणसावर उजेड धरून ठेवणं म्हणजे त्याला भर रस्त्यात शिवी देणं. म्हणून तर बायका घरच्या माणसांच्या तोनवर, पाठीमागे, दोन खांद्यांच्या मध्ये, घरच्या खुणेच्या रंगाचं ठिगळ शिवतात. आपला माणूस आपल्याला पाठीवरूनच ओळखावा लागतो.

२

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात बुरुल एजे आल्या. एजे म्हणजे ताई, वयानं मोठ्या बाईला आम्ही असंच म्हणतो. घोडा खांबाला बांधला आणि दारातूनच तायाकेंना म्हणाल्या, "अजून जिवंत आहेस का रे?"

"तुला टॉर्च दिल्याशिवाय मरतोय कसा?"

"शाळेत माझी वही बघून लिहायचा हा," एजे मला म्हणाल्या.

"आणि तरी नापास व्हायचो. यावरून वहीत काय असायचं ते समज."

त्या हसल्या. साठी उलटलेली बाई, उन्हाबर्फानं चेहरा रापून तांब्यासारखा झालेला, पाठ मात्र काठीसारखी ताठ. मला त्यांच्याकडे बघवत नव्हतं. त्यांनी खिशातून जुनी टॉर्च काढून टेबलावर ठेवली. ती मीच निवडलेली होती.

गेल्या वर्षी त्यांनी विचारलं होतं, सर्वांत लांब जाणारी कुठली? मी मोठ्या ऐटीत सांगितलं होतं. वरचा पारदर्शक टोप नसलेली, चपटी, जेमतेम एक मिलिमीटरची एलईडी, निळसर पांढरी. बाराशे मीटर. तायाके तेव्हा एवढंच म्हणाले होते, "आकडा चांगलाय. रंग?" आणि मी म्हणाले होते, "लांबचं दिसलं की झालं तायाके, रंग काय करायचाय?"

जानेवारीत, दिवस मावळताना, एजेंच्या मेंढ्यांच्या हिवाळी ठाण्यावर वाऱ्यानं बर्फ उधळायला लागलं. एजेंचे यजमान कालमुरात पांगलेल्या मेंढ्या वळवायला गेलेले होते. एजे दारात उभ्या राहून झोत फिरवत होत्या. ओढ्यापलीकडे, सातशे मीटरवर, एक उभी आकृती सापडली. तिनं उजेडाला पाठ केली, हात वर केला. पाठीवर ठिगळ होतं, गडद. माझ्या त्या उजेडात लाल, तपकिरी, काळं सगळं एकसारखंच गडद दिसतं. एजेंनी रीतीप्रमाणे झोत उतरवला आणि आत जाऊन चहा ठेवला.

कालमुरात आले नाहीत. एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर सापडले, ओढ्याकडे नाही, टेकडीच्या बाजूला. घराच्या दिशेनं तोंड करून बसलेले. अंगात तोन नव्हता. थंडीनं मरणारा माणूस शेवटी कपडे काढून टाकतो, हे आमच्याकडे लहान पोरांनाही ठाऊक असतं. तोन मात्र कुठेच मिळाला नाही. लाल ठिगळाचा तोन.

"ही बिघडलेली नाही," एजे म्हणाल्या. "उत्तम चालते. पण मला दुसरी हवी. या हिवाळ्यात तालाय येतोय माझ्याबरोबर."

तालाय त्यांचा मुलगा. एकुलता एक.

"काय ओळखायचंय तुला?" तायाकेंनी विचारलं. त्यांना माहीत होतं, तरी विचारलं.

"माझा माणूस."

मी म्हणाले, "एजे, ती टॉर्च मी..."

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "चहा गार होतोय तुझा. पी."

एवढंच. आजतागायत त्यांनी मला याहून जास्त काही म्हटलेलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं झोपता आलं असतं.

३

सकाळी अकराला आम्ही तिघं बोगद्याशी गेलो. मी पुढे जाऊन पाहुण्याच्या छातीवर, डाव्या बाजूला, एजेंनी आणलेला लाल नमद्याचा तुकडा टाचला. चार टाचण्या. डोळ्यांचे गोल फडक्यानं पुसले. परत आले. तायाकेंनी दार लावून घेतलं आणि बटाट्यांचा मातकट वास एकदम अंगाजवळ आला.

आधी जुनी, निळसर. झोत दाभणासारखा गेला. आमच्या श्वासाची वाफ त्यात पांढरी भिंत होऊन उभी राहिली, तिच्यापलीकडे दोन डोळे चमकले, खाली तोन, छातीवर डावीकडे काळसर चौकोन.

"हे लाल?" एजेंनी विचारलं.

"लालच आहे," मी म्हणाले. "या उजेडात लाल रंग जवळजवळ नसतोच. जे उजेडात नाही ते कापडावरून परत कसं येणार?"

"कॉलेजात शिकवतात हे?"

"हो."

"मग वापरत का नाही पोरगी?" तायाके म्हणाले, आणि एजेंनी त्यांच्या दंडावर चापट मारली.

मग दुसरी. मोठी एलईडी, वर टोप असलेली, उजेड दुपारनंतरच्या उन्हासारखा, रंग प्रामाणिकपणे दाखवणारा. झोत आखूड आणि पसरट. भिंतीतले दगड एकदम दगडांच्या रंगाचे झाले. टोकाला तोन दिसला, मळका पिवळा. त्यावर लाल चौकोन. इतका लाल की मला रडू यायला लागलं. हेच मी गेल्या वर्षी द्यायला हवं होतं.

"दिसला," एजे हळूच म्हणाल्या.

मी वहीत आकडा टिपायला खाली बघितलं आणि मग पुन्हा वर. तेव्हा लक्षात आलं की डोळे चमकत नाहीयेत.

उजेड कमी पडला, हे पहिलं उत्तर. झोत पसरट आहे, त्या अंतराला फार थोडा पोचतो. पण नमदा दिसत होता. नमद्याच्या आधी डोळे दिसायला हवेत, ते काचेचे आहेत. मी डोळे बारीक केले. लाल चौकोन डाव्या बाजूला नव्हता. मध्ये होता. जरा वर. दोन खांद्यांच्या मध्ये.

"तायाके," मी म्हणाले, "पाहुणा फिरला."

"वाऱ्यानं फिरला असेल."

दार बंद होतं. वारा नव्हता. एजेंचा अंगठा टॉर्चच्या बटणावर होता. झोत उतरवायची चाळीस वर्षांची सवय त्या अंगठ्यात मला दिसत होती, आणि ती थोपवून धरलेलीही दिसत होती. मग तायाकेंनीच त्यांच्या हातातून टॉर्च घेऊन बंद केली आणि दार उघडलं. दिवस आत आला.

४

पाहुणा सरळ करायला मलाच जायचं होतं, कारण ते माझंच काम आहे. तायाके म्हणाले, "मी जातो, राहू दे." त्यांचे गुडघे दुखतात. शिवाय एजे बघत होत्या. मी कपाळावरचा दिवा लावला आणि निघाले.

अडीचशे मीटर म्हणजे माझी तीनशे साठ पावलं. मी मोजतेच. दोनशेच्या पुढे दाराचा उजेड पाठीमागे पोस्टाच्या तिकिटाएवढा होतो.

पाहुणा फिरलेला नव्हता. तोंड दाराकडे. गोल दोन्ही जागेवर, स्वच्छ. नमदा छातीवर डाव्या बाजूला, चारही टाचण्या मी खोचल्या होत्या तशाच. मी खांब हलवून बघितला. तो जमिनीत सिमेंटात पुरलेला आहे, तो फिरूच शकत नाही. हे मला आधीपासून माहीत होतं. फिरला असं मी म्हणाले तेव्हा मी ते विसरले होते, एवढंच.

मी पाहुण्याच्या मागे जाऊन बघितलं नाही. मागे जेमतेम चार पावलांची जागा आहे, मग खडक. बघायला हवं होतं, हे कळत होतं. पण माझ्या दिव्याचा उजेड पाहुण्याच्या खांद्यावर होता आणि मला वाटलं की तो तिथेच असू द्यावा.

परत वळले. शंभर पावलं झाली असतील, मागून आवाज आला. गोठलेलं कातडं वाकवलं की कुरकुरतं तसा, एकदाच. मी तोन हलवला होता, तो आता आपल्या घडीवर बसतोय. अगदी सरळ गोष्ट आहे. उरलेली दोनशे साठ पावलं मी न मोजता आले.

"नीट आहे," मी म्हणाले. "काही झालेलं नाही."

एजेंनी माझ्याकडे बघितलं आणि खिशातून कुरुतची, वाळवलेल्या दह्याची, एक गोळी काढून माझ्या हातावर ठेवली. खारट, दगडासारखी कडक. "चघळ. तोंड कोरडं पडलंय तुझं."

५

आता पेच असा होता. निळसर टॉर्च बाराशे मीटर जाते पण खोटं बोलते. दुसरी खरं बोलते पण साडेचारशेवर दमते, आणि एजेंचं दार ते ओढ्याचा पलीकडचा काठ हे अंतर सातशेचं. तालाय तिथूनच मेंढ्या आणणार.

"टोप कापतो," तायाके म्हणाले.

एलईडीवरचा मऊ पारदर्शक टोप काढला की उजेडाचा गोळा लहान होतो आणि झोत लांब जातो. छटा थोडी पिवळीकडे सरकते, ते मी मोजून घेतलेलं होतं. पण टोपाच्या आत केसाहून बारीक तारा असतात. पातं कणभर खोल गेलं की एलईडी मेली. मी तीन वर्षांत अकरा मारल्या आहेत. तायाकेंनी एकही नाही.

बटाट्यांचं खोकं उलटं करून ते दाराच्या उजेडात बसले. नवं पातं चिमटीत धरलं, श्वास सोडला आणि नवा घेतलाच नाही. त्यांचे हात एरवी चहाचा पेला धरतानाही थरथरतात. पातं टेकलं की थरथर थांबते. ती जाते कुठे, हे मी विचारलं आहे, ते म्हणतात मला काय माहीत, मी तेव्हा कामात असतो. दवबिंदू पानावरून उचलावा तसा तो टोप पात्यावर आला.

"लग्नात पण इतका शांत नव्हतास," एजे म्हणाल्या.

"लग्नात पातं दुसऱ्याच्या हातात होतं."

त्या हसल्या, मग बोगद्याकडे बघून, कुणालाच उद्देशून नाही अशा म्हणाल्या, "हात वर केला होता ओढ्यापलीकडच्यानं. अगदी रीतसर. मी झोत उतरवला. न उतरवला असता तर दुसरीकडेही फिरवला असता ना. टेकडीच्या बाजूला. माझा माणूस तिथे घराकडे तोंड करून बसला होता. माझ्या उजेडाची वाट बघत."

तायाकेंनी पातं पुसून डबीत ठेवलं.

"पाठ कुणीही दाखवू शकतं," एजे म्हणाल्या. "ते माझ्या डोक्यात तेव्हा आलं नाही."

६

टोप कापलेली एलईडी रिफ्लेक्टरमध्ये बसली, मध्यभागी, पहिल्याच प्रयत्नात. दार लागलं. एजेंनी बटण दाबलं.

असा झोत मी त्याआधी बघितला नव्हता. लांब, भरीव, जुन्या लोण्याच्या रंगाचा. वाफेची भिंत झालीच नाही, तो वाफेतून सरळ गेला. टोकाला दोन डोळे चमकले. छातीवर, डावीकडे, लाल. मी गणित केलं, सव्वासातशे. मी पुन्हा केलं. सव्वासातशेच.

"आता माणूस बघू दे," एजे म्हणाल्या. "लाकडाचा नको. जिवंत."

जिवंत म्हणजे मी. तायाके तोंड उघडणार तेवढ्यात मीच म्हणाले, "जाते." गेल्या वर्षी मी रंग काय करायचाय म्हणाले होते. त्याचं एवढं तरी देणं लागत होतं.

ठरलं असं की मी पोचून माझा दिवा बंद करीन, मग एजे झोत टाकतील. तीनशे साठ पावलं. मी दारातून बघता पाहुण्याच्या उजवीकडे, हातभर अंतर सोडून उभी राहिले आणि दिवा विझवला.

अंधाराला बोगद्यात वजन असतं. मी ऐकत होते. माझा श्वास. मग मी श्वास रोखला. तरी ऐकू येत होता. आवाज दगडावरून उशिरा परत येतो, हे शक्य आहे.

झोत आला.

मी विचार केला नाही. लहानपणापासून केलं तेच केलं, पाठ फिरवली आणि उजवा हात वर उचलला. समोर चार पावलांवर खडक, आणि खडकावर सोनेरी उजेडात सावल्या. माझी, हात वर केलेली. पाहुण्याची, खांबाची, बिनहाताची. आणि दोघांच्या मध्ये, त्या हातभर जागेत, अजून एक. तिचाही हात वर होता.

मी वाट बघितली. आता एजे झोत उतरवतील. माणूस पाठमोरा झाला की झोत उतरतो, याशिवाय दुसरं काही माझ्या आयुष्यात झालेलं नाही.

झोत उतरला नाही.

"कानिशाय!" दाराकडून एजेंनी मला हाक मारली. "तोंड फिरव! इकडे कर तोंड!"

मला हलता येईना. उजेडाकडे तोंड करायचं म्हणजे कपडे काढायला सांगितल्यासारखं वाटलं. आणि वळायचं तर कुठल्या बाजूनं? डावीकडून वळले असते तर मध्ये जे होतं त्याच्या समोरून माझा चेहरा गेला असता.

"पोरी, मी उजेड काढत नाही! वळ!"

मी उजवीकडून वळले, दगडाला खांदा घासत. डोळ्यांत सगळं पांढरं झालं. काहीच दिसत नव्हतं, ना पाहुणा, ना जमीन.

"बघ माझ्याकडे. डोळे मिटू नकोस. चल आता."

मी चालले. आंधळी, डोळ्यांतून पाणी गळत, हात पुढे करून. मागे कातडं कुरकुरलं. एकदा. मग पुन्हा. माझ्या पावलांबरोबर होतं की नव्हतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी थांबून बघितलं नाही. झोत माझ्या चेहऱ्यावर तसूभरही हलला नाही. साठीच्या बाईनं पाऊण किलोची टॉर्च एका हातात धरली होती, आणि त्या अडीचशे मीटरभर तो उजेड भिंतीत ठोकलेल्या खिळ्यासारखा होता. मी त्याला धरून आले.

हाताला एजेंची बाही लागली. त्यांनी मला आपल्या मागे ढकललं आणि झोत तसाच बोगद्यात धरून ठेवला. तायाकेंनी दार उघडलं.

"बुरुल, चल," ते म्हणाले. त्यांचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

एजे मागे मागे सरकत, झोत न उतरवता, बाहेर आल्या. दार लागलं. कडी. मग कुलूप. मग तायाकेंनी बटाट्यांचं उलटं खोकं दाराला लावलं, ज्याचा काही उपयोग नव्हता.

७

आम्ही दुकानात परत आलो. एजेंनीच चहा केला.

"तुम्ही ओळखलं कसं, मी कुठली ते?" मी शेवटी विचारलं.

"ओळखलं नव्हतं. दोन पाठी होत्या, दोन हात. तुझ्या पाठीवर ठिगळ नव्हतं. दुसऱ्यावर होतं."

"लाल?"

"मीच शिवलेलं." त्यांनी पेला फुंकला. "वर्षभर मी त्याच लालसाठी रडत होते. तो दिसला असता तर, तो दिसला असता तर. आज दिसला. मग काय करायचं होतं मी? हाक मारायची होती?"

तायाकेंनी त्यांच्या पेल्यात आणखी चहा ओतला.

"म्हणून म्हटलं तोंड दाखव. तू वळलीस. गाल लाल, नाक लाल, रडून डोळे लाल. त्या तुझ्या जुन्या उजेडात सगळेच मेलेले दिसतात, पोरी. यात तू जिवंत दिसलीस."

"आणि दुसरं?"

"ते वळलं नाही," एजे म्हणाल्या. आणि मग, माझ्या हातातला रिकामा पेला काढून घेत, "अजून तरी."

मी त्यांना सांगितलं की उजेड एकाच ठिकाणाहून आला तरी रिफ्लेक्टरच्या कडेमुळे कधीकधी दुहेरी सावली पडते. खरी गोष्ट आहे, पुस्तकात आहे. दुहेरी सावली फिक्की असते हेही पुस्तकात आहे, ते मी सांगितलं नाही. एजेंनी सगळं नीट ऐकून घेतलं, मान डोलावली आणि नवी टॉर्च खिशात घातली.

"हीच."

"सव्वासातशेच जाते, एजे. बाराशेचं जे..."

"पुरे. त्याच्या पलीकडचं मला ओळखायचंच नाही."

घोड्यावर बसताना त्या तायाकेंना म्हणाल्या, "तालायला बजावलंय. झोत पडला की तोंड दाखवायचं. डोळे दिपले तर दिपू देत. तोंड दिसल्याशिवाय आई उजेड काढणार नाही."

"लोक नावं ठेवतील," तायाके म्हणाले.

"ठेवू देत. शाळेत पण ठेवायचे."

त्या गेल्या. बटाटे गावानं दुसऱ्या तळघरात हलवले. तायाकेंनी सांगितलं बोगद्यात ओल आली आहे, आणि कुणी खोलात विचारलं नाही. पाहुणा अजून आतच आहे. एलईडी आता आम्ही नदीकाठच्या रिकाम्या गोठ्याच्या भिंतीवर बघतो. तिथे अंतर फार कमी आहे, पण तिथे एका वेळी एकच सावली पडते. मी मोजते.

८

हे मी डिसेंबरच्या शेवटी लिहिते आहे.

आमच्याकडे फोनची रेंज फक्त घराच्या छपरावर येते. रोज संध्याकाळी मी शिडीनं वर चढते. समोर नदी, नदीपलीकडे चढ, आणि चार-पाच किलोमीटरवर एजेंचं हिवाळी ठाणं. दिवस मावळतो तेव्हा तिथून झोत निघतो. हवेत बर्फाचे कण असले की तो अख्खा दिसतो, लोणी रंगाचा, बारीक, दोऱ्यासारखा. त्या उजेडाची छटा मी झोपेतही ओळखीन. तो ओढ्यापलीकडचा चढ चाचपत जातो, कुठेतरी थांबतो, काही क्षण तसाच राहतो आणि मग खाली उतरतो. म्हणजे तालायनं तोंड दाखवलं. म्हणजे तालाय आला. मग मी फोन बघते, किंवा बघायचं विसरते. सव्वा महिना हे असंच चाललं होतं. त्या उतरणाऱ्या झोताइतकी सुंदर गोष्ट मला दुसरी माहीत नाही.

काल वारा होता. झोत निघाला, चढावर फिरला, ओढ्याच्या काठावर थांबला. मी श्वास रोखला. उतरला. आला तालाय. मी शिडीकडे वळले.

मग झोत पुन्हा उठला.

तो त्याच जागी गेला. ओढ्यापलीकडचा काठ, जरा डावीकडे. थांबला. तालाय तर आत आला होता. ठाण्यावर तिसरं कुणी राहत नाही. मी आकडे मोजायला लागले. साठ. शंभर. दोनशे. झोत उतरला नाही. तीनशे साठपर्यंत मी मोजलं. माझे पाय गोठले होते आणि तो उजेड तिथेच होता, हलत नव्हता, खिळ्यासारखा. एजे दारात उभ्या असणार, ताठ, एका हातात टॉर्च. मला भीती वाटली, आणि भीतीच्याही वर एक गोष्ट वाटली, की या बाईचा हात दुखून येईल, बॅटरी संपेल, पण ती उजेड काढणार नाही.

माझ्या मागे, छपराच्या दुसऱ्या टोकाला, काहीतरी कुरकुरलं. आईनं दोरीवर धुणं घातलं होतं. गोठलेले कपडे वाऱ्यात कुरकुरतात. कपडेच होते. सकाळी मी स्वतः तिला दोरी बांधून दिली होती.

मी मागे बघितलं नाही. इतक्या लांबून एजेंना मी दिसत नाही, हे गणित मला येतं. तरी मी तो झोत होता तिकडे तोंड करून उभी राहिले, डोळे उघडे ठेवले, आणि लाली यावी म्हणून दोन्ही हातांनी गाल चोळत राहिले.